बंदराला गेलेला बोकड

कान्हे स्टेशनाचे रूळ ओलांडून डावीकडे वळलं की झुंबरबाईंच्या आठ खोल्या लागतात. वर पत्रा, पुढे सामाईक ओटा, टोकाला नळ. खोल्यांचं काम चाललं होतं तेव्हा त्यांचा दीर रखमाजी रोज येऊन विटांच्या ढिगाकडे बघायचा आणि म्हणायचा, "वयनी, हितं ऱ्हायला येणार कोण?" झुंबरबाई म्हणायच्या, "बंदर येतंय म्हणत्यात. बंदर आलं की माणसं येत्यात."

बंदराची बातमी गावाला महिपतीने दिली होती. महिपती शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेला, देवळाच्या समितीचा चिटणीस, आणि पेपर मोठ्याने वाचणारा. त्याने पारावर वाचलं, 'मावळात बंदर होणार.' रखमाजी म्हणाला, "आणि कशाला? खंडाळ्याच्या घाटात काय कमी हायत? गाडीची काच उघडी दिसली की केळी पळवत्यात." माकडं नव्हेत, मालाचं बंदर, हे समजावण्यात महिपतीची अर्धी सकाळ गेली. समुद्र इथून घाट उतरून पार उरणला. पण तिथल्या बंदरात जागा पुरेना, म्हणून जहाजावरच्या पेट्या गाड्यांवर घालून इथं आणायच्या, इथं उघडायच्या, कागदपत्रंही इथंच करायची. याला कोरडं बंदर म्हणतात.

"मंजी समुद्र तेवढा तितंच ठेवणार आन् बाकी समदा गोंधळ हितं आणणार," रखमाजी म्हणाला.

झालंही तसंच. दोन वर्षांत भातखाचरांपलीकडे तारेचं कुंपण आलं, लाल-निळ्या पेट्यांच्या चवडी उभ्या राहिल्या, आणि त्या उचलायला, लावायला, जोडायला, राखायला माणसं आली. बिहारची आली, ओरिसाची आली, झारखंडची आली. कान्ह्याच्या किराणा दुकानात मोहरीचं तेल मिळू लागलं आणि रखमाजीची सून 'सत्तू' हा शब्द शिकली.

झुंबरबाईंच्या आठही खोल्या भरल्या. भाडेकरू निवडायची त्यांची स्वतःची रीत होती. आधार कार्ड वगैरे त्यांचा मुलगा कैलास बघायचा. झुंबरबाई दोनच प्रश्न विचारायच्या. आई जिती हाय का? आणि तिला फोन कवा केलतास? दुसऱ्या प्रश्नाला जो अडखळे त्याला खोली मिळत नसे. एका ओडिया वेल्डरला तर त्यांनी समोर उभं राहून फोन लावायला लावला, पलीकडच्या बाईशी पाच मिनिटं मराठीत बोलल्या, आणि मग किल्ली दिली. त्या बाईला काय कळलं कुणास ठाऊक, पण दर दिवाळीला ती मुलाकडून झुंबरबाईंची खुशाली विचारते.

माणसांची ही पारख त्यांनी तुंगार्लीला कमावली होती. नवरा गेल्यावर बावीस वर्षं त्या सकाळच्या गाडीने लोणावळ्याला जायच्या आणि तुंगार्लीच्या तीन बंगल्यांतली भांडी घासायच्या. एक बंगला पारशाचा, एक मारवाड्याचा, एक बोहऱ्याचा. "माणसाचा धरम मला इचारू नका," त्या म्हणायच्या, "त्याचं खरकटं दावा. ताटात किती टाकलंय त्यावरून मी सांगते माणूस कसा हाय ते." या कसोटीवर त्यांच्या मते पारशी पहिला यायचा आणि मारवाडी शेवटचा, कारण मारवाडी ताटात काहीच टाकत नसे आणि त्यामुळे त्याच्याबद्दल काही कळायचंच नाही.

तर अशा या झुंबरबाईंकडे गेल्या वर्षी महिपती एक कागद घेऊन आला. समितीने ठराव केला होता की गावात खोली द्यायची तर आधी मराठी माणसाला द्यावी. झुंबरबाईंना ठराव पटला. सगळ्या ओट्यावर आपल्याशी धड भांडेल असं कुणी नाही याची त्यांनाही खंत होतीच. महिन्याभरात कोपऱ्यातली खोली रिकामी झाली तेव्हा त्यांनी आलेल्या चौघांना मराठी बोलून दाखवायला सांगितलं. तिघे गप्प बसले. चौथा म्हणाला, "मावशी, मी उरणचा. माझी आजी भात कांडताना ओव्या म्हणायची, त्या म्हणून दाखवू का?" त्याचं नाव मुश्ताक मुकादम. बंदरात पेट्या उचलायचं मोठं मशीन तो चालवायचा. बरोबर बायको कुलसुम. आई वारलेली होती, पण दर शुक्रवारी तिच्या कबरीवर जाणाऱ्या चुलत्याला फोन करतो असं म्हणाला. झुंबरबाईंनी तो फोन आईलाच केला असं धरलं आणि किल्ली दिली.

चार दिवसांनी महिपती आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "झुंबरकाकी, कोपऱ्यातली खोली कोणाला दिली तुम्ही?"

"मराठी माणसाला."

"तो मुसलमान आहे."

"आसंल की. तुमच्या कागदावर मराठी लिवलंवतं. मी कैलासकडनं दोनदा वाचून घेतलं."

महिपतीने पुढच्याच आठवड्यात दुसरा ठराव केला. त्यात धर्माचाही उल्लेख आला. तो कागद टाइप करून देवळाच्या फळ्यावर लागला. 'गावाची संस्कृती जपण्यासाठी बाहेरच्या धर्माच्या लोकांस खोल्या देऊ नयेत.' खाली सह्या अकरा. त्यातली एक कैलासची होती, कारण कैलासला पुढच्या वर्षी पंचायतीला उभं राहायचं होतं आणि समोर आलेल्या कागदावर सही न करणं त्याला जमत नसे.

फळ्यासमोर एकदा सखाराम उभा होता. सखाराम रेल्वेत गेटमन होता, आता पेन्शनीत. बौद्धवाडीत त्याचं घर. त्याने चष्मा पुसून कागद सावकाश वाचला आणि शेजारी आलेल्या झुंबरबाईंना म्हणाला, "आमच्या आज्याच्या टायमाला असला कागद न्हवता. न लिहिताच समद्यांना पाठ व्हता. आता टाइप करावा लागतोय, मंजी जरा विसर पडाय लागलाय म्हणायचं."

झुंबरबाईंनी मुश्ताकला काढलं नाही. पण कुणी विचारलं तर "बघू, दुसरी सोय झाली की जाणार हायत" असं सांगायला लागल्या. खोटं होतं. पण गावात राहायचं म्हणजे एवढं चालतं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आता बोकडाकडे येऊ.

तीन वर्षांपूर्वी झुंबरबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशनच्या आधी त्यांनी कार्ल्याच्या एकवीरेला बोकडाचा नवस बोलला. एक करडू आणून दाराशी बांधलं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, त्या घरी आल्या, आणि चांगल्या दिसणाऱ्या डोळ्यांनी घरात पहिलं जे तोंड बघितलं ते त्या करडाचं. इतकं स्वच्छ त्यांना दहा वर्षांत काही दिसलं नव्हतं. एकेक पापणी मोजता येत होती. तिथंच घोटाळा झाला. पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, अजून अंगानं भरलं नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, घरात सुतक. तिसऱ्या वर्षी कारणच सांगितलं नाही. तोवर करडाचा दणकट बोकड झाला होता. त्याला दाढी होती, आणि आल्यागेल्याला फाटकात अडवून नखशिखांत न्याहाळायची सवय होती. त्यावरून त्याचं नाव हवालदार पडलं.

बकरी ईदला चार दिवस राहिले असताना हवालदार नाहीसा झाला.

सकाळी सोडला होता, दुपारी परत आला नाही. कैलासने गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'आपला हवालदार सकाळपासून बेपत्ता आहे, कुणाला दिसल्यास कळवावे.' अर्ध्या तासात चौकीतून फोन आला की कोणता हवालदार, कोणत्या चौकीचा, आणि ड्युटीवर असताना गेला की कसा. बोकड आहे हे सांगितल्यावर पलीकडच्या साहेबांनी कैलासला जे ऐकवलं ते त्याने आईला सांगितलं नाही.

महिपतीने मात्र काही विचारलं नाही. तो फक्त म्हणाला, "चार दिवसांवर काय आहे, ते कॅलेंडर बघा." एवढंच. पण हे त्याने किराणा दुकानात, पारावर आणि देवळात, तीन ठिकाणी म्हटलं. चार वाजेपर्यंत गावात अशी एकही बाई उरली नाही जिने हवालदाराला कोपऱ्यातल्या खोलीत शिरताना बघितलं नव्हतं. रखमाजीच्या सुनेने तर ओरडताना ऐकलंही होतं.

झुंबरबाई म्हणाल्या, "कायबी बोलू नका." पण माणसाचं मन म्हणजे काही पत्र्याची पेटी नव्हे, की दार लावलं आणि झालं. पाचच्या सुमाराला त्या नळावर हंडा घेऊन गेल्या. नळ कोपऱ्यातल्या खोलीच्या शेजारी. चुलीवर काहीतरी शिजत होतं. मसाल्याचा वास दरवळत होता. झुंबरबाईंनी वास घेतला. मग आणखी एक पाऊल पुढे जाऊन घेतला. हंडा भरून वाहायला लागला तरी त्यांना कळलं नाही.

कुलसुम दारात आली. तिने पदर नीट केला, आत गेली, आणि पातेलं दोन फडक्यांत धरून बाहेर घेऊन आली. ते ओट्यावर ठेवून तिने झाकण काढलं.

"वालाचं बिरडं आहे, मावशी," ती म्हणाली. "बघा. नीट बघा. ऑपरेशन चांगलं झालंय तुमचं."

आवाज चढलेला नव्हता. झुंबरबाईंनी पातेल्यात बघितलं, कारण आता न बघणं अधिक वाईट दिसलं असतं. वाल होते. खोबरं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मीठ जरा बेतानं टाक." आणि हंडा उचलून घरी गेल्या. घरी जाऊन पायरीवर बसल्या. बावीस वर्षं दुसऱ्याच्या घरात काम करताना एकदा मारवाड्याची चांदीची वाटी सापडत नव्हती, तेव्हा तिथल्या बाईने त्यांची पिशवी उघडून बघितली होती. वाटी फ्रीजमागे निघाली. ती बाईही तेव्हा असंच काहीतरी बोलली होती, चहात साखर कमी आहे वगैरे.

सहा वाजता देवळात बैठक बसली. महिपती उभा राहिला. प्रश्न एका बोकडाचा नाही, असं म्हणून त्याने सुरुवात केली, आणि मग वीस मिनिटं बोकडाबद्दलच बोलला. मुश्ताक कामावरून थेट आला होता. पिवळं जाकीट अंगात तसंच. तो मागे खांबाशी उभा होता. झुंबरबाई बायकांत बसल्या होत्या, आणि त्यांना कुणाकडेच बघवत नव्हतं.

"मी बोलू का?" मुश्ताकने विचारलं.

"समितीचं झाल्यावर," महिपती म्हणाला.

"बोलू द्या की त्याला," सखाराम म्हणाला. "बोकड त्यानं खाल्ला असंल तर ढेकर तरी ऐकू."

मुश्ताक म्हणाला, "मावशी, हवालदार रोज कुंपणाखालून आत यायचा. पुठ्ठे खायला. पेटीतला माल गुंडाळून येतो ना, त्याचे पुठ्ठे अन् गवत रिकाम्या पेटीत पडलेलं असतं, ते त्याला आवडायचं. आज सकाळी आठ वाजता तीन रिकाम्या पेट्या उरणला परत गेल्या. मला दुपारी हे कळल्यापासून मी तिकडे फोन लावतोय. रिकामी पेटी तिथल्या यार्डात घेताना दार उघडून बघतात. आत्ता पाच मिनिटांपूर्वी फोटो आला."

त्याने मोबाइल पुढे केला. तो हातोहात बायकांकडे आला. फोटोत हवालदार होता. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला हळदकुंकू, समोर तांदळाचं ताट. चेहरा मात्र तोच, समोरच्याचे कागद बघायला मागणारा.

"माझाच हाय," झुंबरबाई म्हणाल्या. आणि मग डोळे पुसत पुसत, "पर ही माळ कुणी घातली?"

"पेटी गाडीवर कुणी चढवली?" महिपतीने विचारलं.

मुश्ताक जरा ओशाळला. "मीच. पस्तीस टन उचलणारं मशीन आहे, काका. त्याला बोकडाचं वजन काय कळणार."

"म्हणजे नेला यानंच," महिपती म्हणाला. पण तोवर सगळं देऊळ हसत होतं, आणि ठरावाचा कागद त्याच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैलासची पिकअप निघाली. पुढे कैलास, झुंबरबाई आणि दोघांच्या मध्ये महिपती. बोकड परत येताना काही गडबड होऊ नये म्हणून समितीचा माणूस हजर पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. मुश्ताक मागे हौद्यात. कुलसुमने तांदळाच्या भाकरी आणि सुकी चटणी बांधून दिली होती. तिने डबा झुंबरबाईंच्या हातात न देता मुश्ताककडे दिला, हे झुंबरबाईंनी बघितलं.

लोणावळ्यापर्यंत महिपती बोलत होता. खंडाळ्याला गप्प झाला. घाटाच्या तिसऱ्या वळणावर म्हणाला, "कैलास, गाडी." कैलासने गाडी कडेला घेतली. मुश्ताकने उडी मारली, महिपतीचं डोकं धरलं, पाठीवरून हात फिरवला, तोंडावर पाणी मारलं. मग म्हणाला, "काका, मागे या, वारा लागला की बरं वाटतं." पुढचा सगळा घाट समितीचे चिटणीस हौद्यात बसून उतरले, एका हाताने गाडीची कड आणि दुसऱ्या हाताने मुश्ताकचं पिवळं जाकीट घट्ट धरून. पनवेलच्या पुढे भूक लागली तेव्हा डबा उघडला गेला. कैलासने आरशात बघितलं. महिपती दुसरी भाकरी मागून घेत होता.

झुंबरबाईंनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघितला तो त्या दिवशी. ओहोटी होती. लांबवर नुसता चिखल, पलीकडे आभाळाला टेकलेल्या क्रेना, पेट्यांच्या भिंती, ट्रेलरच्या रांगा. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हे तर आपल्यासारखंच हाय," त्या म्हणाल्या, "निस्तं कडंला पाणी ओतलंय."

यार्डाचा वॉचमन हिराजी म्हणून होता. आगरी. त्याच्या घरी बोकड होता. घर बंदराला लागूनच असलेल्या गावात. गाव कसलं, एका बाजूला जुनी कौलारू घरं, दुसऱ्या बाजूला सात मजली इमारती, मधल्या टपऱ्यांवर बंगाली आणि तमिळ पाट्या. वेशीवर एक फलक होता. गाडी त्याच्यापाशी हळू झाली तेव्हा महिपतीने सवयीने तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'ग्रामस्थांस सूचना. परप्रांतीय, परधर्मीय व घाटी लोकांस खोल्या भाड्याने देऊ...' इथं तो थांबला.

"घाटी मंजी कोण?" झुंबरबाईंनी विचारलं.

"घाटावरचे," मुश्ताक म्हणाला. "म्हणजे आपण, मावशी. तुम्ही, कैलासदादा, महिपतीकाका. मी दोन्हीकडून बाहेरचा."

महिपतीने फलक पुन्हा एकदा मनात वाचला. सह्या मोजल्या. "तेवीस आहेत," तो हळूच म्हणाला.

हिराजीची आई पदीबाई अंगणात बसली होती. सत्तरीच्या घरातली, नाकात नथीची जागा रिकामी, आवाज भोंग्यासारखा. हवालदार तिच्या शेजारी गादीवर. होय, गादीवर. झुंबरबाईंना बघून तो उठला नाही, फक्त कान हलवले.

"ह्यो बोकर आईनी धारलाय," पदीबाई म्हणाली. आई म्हणजे एकवीरा, आणि धारलाय म्हणजे धाडलाय. "पेटी उघरली न ह्यो आत उभा. कयशी आयलाय, तर मावलाशी. मावलान कोन हाय? आई हाय. मंग?"

उरणच्या आगऱ्या-कोळ्यांची कुलदेवी ती. दरवर्षी घाट चढून ही माणसं तिला बोकड घेऊन येतात, आणि आता खुद्द तिनेच उलट एक पाठवला होता. गावातल्या बायका कालपासून दर्शनाला येत होत्या. हवालदाराला हे आवडलं होतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"आई माझ्या शेजारी ऱ्हाती," झुंबरबाई म्हणाल्या. "दोन स्टेशनांवर. तिला धाडायचा असता तर मला सांगून धाडला असता."

"तुला कनाला सांगल?"

"कारण बोकड तिचाच हाय. मी नवस बोललेवते."

"कवा?"

झुंबरबाई घुटमळल्या. "तीन वरसं झाली."

पदीबाईने हात जोडून आभाळाकडे बघितलं. मग अंगणातल्या बायकांकडे. "ऐकला? तीन वरसं. आईनी वाट बघली, बघली, न मंग आमचे हाती आनला."

झुंबरबाईंनी डोळ्यांची गोष्ट सांगितली, पट्टी निघाल्यावर पहिलं तोंड कुणाचं दिसलं ती. सांगताना त्या रडल्या, पदीबाईच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण तिने बोकडाचा दोर काही सोडला नाही.

तेव्हा तिची नजर फाटकाशी उभ्या असलेल्या मुश्ताककडे गेली. ती उठली. काठी टेकत त्याच्यापर्यंत गेली. "खातूनचा पोर ना रं तू?"

"हो, आजी."

मुकादमांचं घर याच गावात होतं, मशिदीच्या मागे. मुश्ताकच्या बापाची मिठागरात मुकादमी होती. बंदर वाढलं, मिठागर गेलं, घराची जागा रस्त्यात गेली. त्याच सुमाराला एका मिरवणुकीवरून वाद झाला. कुणाचं डोकं फुटलं नाही, दगड पडला नाही. फक्त त्यानंतर लोक एकमेकांकडे शिडी मागायचे बंद झाले, लग्नाची पातेली मागायचे बंद झाले. सहा वर्षांपूर्वी मुश्ताक मशीनच्या मागोमाग घाट चढून गेला. हे सगळं त्याने कधी झुंबरबाईंना सांगितलं नव्हतं. आता पदीबाई सांगत होती, आणि सांगताना काठीने त्याच्या पोटरीवर मारत होती. मुद्दा एकच होता. जाताना सांगून का गेला नाहीस? तुझ्या आईचं दूध आटलं तेव्हा तुला मी पाजलं, आणि तू मला न सांगता गेलास.

मुश्ताक खाली मान घालून मार खात होता. मध्येच म्हणाला, "वेशीवर पाटी लागली होती, आजी."

"पाटी पोरांनी लावली. मना वाचता येते का?"

हिराजी, ज्याची सही फलकावर सातवी होती, घरात पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

बोकडाचा प्रश्न तसाच होता. कुणीतरी म्हणालं, भटजीला विचारू. तेव्हा महिपती खाकरला. प्रवासाने तो पांढराफटक पडला होता, शर्टाला चटणीचा डाग होता, पण शास्त्राचं कुणी विचारलं की त्याच्या अंगात बळ यायचं. त्याने सांगितलं की देवाच्या नावाने जनावर सोडून द्यायची रीत आहे. त्याचा कान टोचायचा, हळद लावायची, मग ते कुणाचंच नाही. ते मारायचं नाही, विकायचं नाही, बांधायचं नाही. देवीचा नवसही फिटतो. नवस बोलणारीच्या गावात सोडायचं, पण सोडायला दुसऱ्या गावची सुवासिनी लागते.

"ही रीत खरी हाय का?" नंतर गाडीत चढताना झुंबरबाईंनी त्याला विचारलं.

"सोडायची खरी आहे," महिपती म्हणाला. "दुसऱ्या गावच्या सुवासिनीचं मी घातलं. म्हातारी ऐकेना."

पदीबाईच्या धाकट्या सुनेने हवालदाराचा कान टोचला. त्याने तिला एकदा ढुशी दिली, पण ती शुभ मानली गेली. निघताना पदीबाईने मुश्ताकला बजावलं की ईदला यायचं, बायकोला घेऊन, आणि कुणी वेशीवर विचारलं तर माझं नाव सांगायचं. हौद्यात आता बोकडही होता. घाट चढताना महिपतीला पुन्हा मळमळलं, पण त्याने पुढे बसायला नकार दिला.

कान्ह्याला पोचल्यावर झुंबरबाई घरी गेल्या नाहीत. सरळ कोपऱ्यातल्या खोलीपाशी गेल्या. कुलसुम दारात तांदूळ निवडत होती. झुंबरबाई तिच्यासमोर बसल्या आणि सूप आपल्याकडे ओढलं.

"मी वास घेतला तुझ्या चुलीचा," त्या म्हणाल्या. "काल."

"माहीत आहे."

"चुकलं माझं."

कुलसुमने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मीठ खरंच जास्त झालं होतं." दोघींनी तांदूळ संपेपर्यंत निवडले.

सगळं सुरळीत झालं असं मात्र कुणी समजू नये. देवळाच्या फळ्यावरचा कागद निघाला नाही. महिपतीला तो काढायला सांगितला तर म्हणाला, ठराव काढायला ठराव लागतो, आणि त्यासाठी गणसंख्या. त्याने पेनाने शेवटी कंसात 'उरणकडचे सोडून' एवढं लिहिलं, आणि आपण फार मोठं पाऊल उचललं असं त्याला वाटलं. कैलासने आपली सही खोडली. ती खोडली की नुसती शाई सांडली हे नीट दिसू नये, इतपत खोडली. गावातली दोन घरं अजूनही मुश्ताकच्या हातचं पाणी पीत नाहीत. आणि हवालदार आता देवीचा असल्यामुळे कुणाच्याही भाजीच्या वाफ्यात शिरतो. त्याला हाकलताना लोक आधी नमस्कार करतात.

मुश्ताक-कुलसुम ईदला उरणला गेले. येताना त्यांनी झुंबरबाईंसाठी जवळ्याची सुकी मासळी आणली. ती ओट्यावर उन्हात घातल्यावर तिसऱ्या खोलीतले उत्तर प्रदेशचे तिवारी नाकाला रुमाल लावून तक्रार घेऊन आले. म्हणाले, आमचा धर्म भ्रष्ट होतो. झुंबरबाईंनी त्यांना विचारलं, आईला फोन कवा केलतास? तिवारी अडखळले. ते प्रकरण तिथंच मिटलं.

पुढच्या चैत्रात, यात्रेच्या आदल्या दिवशी, दोन टेम्पो भरून माणसं कान्ह्यात उतरली. पदीबाई, हिराजी, सुना, लेकी, पालखी, बँडवाले, सगळे मिळून चाळीस. दरवर्षी ते थेट कार्ल्याला जायचे, पण यंदा म्हातारीने ठरवलं होतं की खातूनच्या पोराचं बिऱ्हाड बघितल्याशिवाय देवीचं तोंड बघायचं नाही. सूचना काही नव्हती. झुंबरबाईंनी आठही खोल्यांचे दरवाजे ठोठावले. ओडिया वेल्डरने आपली खाट बाहेर काढली, तिवारींनी भात चढवला आणि मासळीवाल्यांना वाढताना तोंड फिरवून का होईना वाढला. पदीबाई कोपऱ्यातल्या खोलीत कुलसुमच्या शेजारी झोपली. महिपती स्वागताचं भाषण घेऊन आला. ते चार पानी होतं. पहिल्या पानावरच बँडवाल्याने ताशावर काठी टाकली.

सकाळी पालखी निघाली. मुश्ताकने ती टेम्पोत चढवायला खांदा दिला. 'आई माउलीचा उदो' झाला. पदीबाई झुंबरबाईंना चल म्हणत होती, पण त्या थांबल्या. नळाला नऊ वाजता पाणी यायचं होतं, चाळीस माणसांनी हंडे कोरडे करून ठेवले होते, आणि कुलसुम एकटी पुरी पडली नसती.